मडगार्ड नसलेली सायकल

मुंबईत कोणी गाव विचारलं की मी उज्जैन सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे महाकाल ना?" हो, महाकाल. त्यानंतरचा प्रश्न, "मग तू मराठी कशी?" याचं उत्तर मला आता पाठ झालं आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. शिंद्यांबरोबर कारकून आले, भटजी आले, शिलेदार आले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण बरीच घरं जागची हलली नाहीत. आमचं घर त्यातलंच. पत्ता माधव नगर. म्हणजे कागदावर माधव नगर, तोंडात फ्रीगंज. आमची मराठी ऐकून होस्टेलवरच्या मुली अजून हसतात. "मी येऊन राहिले आहे" हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून इतक्या वेळा म्हणवून घेतलंय की आता त्याच तसं बोलायला लागल्या आहेत.

तिसरा प्रश्न मात्र मला मंडळाच्या चहाच्या वेळी एका साताऱ्याच्या मुलाने विचारला. दिवाळीच्या सुट्टीत डोंगरात सायकल चालवायला जाणार, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "तुमच्याकडे डोंगर कुठेत?" सह्याद्रीतली माणसं आमच्याकडे अशीच बघतात. गरिबाघरी जेवायला आल्यासारखी.

तर त्याला तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देते. मालव्यात डोंगर दिसत नाहीत, कारण आम्ही राहतोच डोंगराच्या माथ्यावर. उज्जैन समुद्रसपाटीपासून जवळजवळ पाचशे मीटरवर आहे, इंदूर साडेपाचशेवर. जमीन सपाट दिसते, गहू-सोयाबीन दिसतं, म्हणून कळत नाही. इंदूरहून महूला जा आणि पुढे पातालपाणीला उभे राहा, म्हणजे पायाखालचा माथा एकदम संपतो आणि खाली निमाड दिसतो. महूहून काळाकुंडला उतरणारी जुनी छोटी रेल्वेलाइन तिथल्याच घाटातून जाते. हा जो कडा आहे तो तुमच्या घाटमाथ्याचा सख्खा भाऊ. दगड एकच, बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा शंकूचा डोंगर आणि त्याच्या टोकातून धूर, असं काही नव्हतं. लांबच लांब भेगा होत्या आणि त्यातून लाव्हा पसरत गेला, थांबला, थिजला, पुन्हा आला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो थर दिसतो. याला शास्त्रात ट्रॅप म्हणतात. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ जिना. सह्याद्रीच्या कड्यांना ज्या पायऱ्या दिसतात त्यावरून. कान्हेरीची लेणी ज्या कुळीच्या दगडात कोरली आहेत, त्याच कुळीचा दगड आमच्या फ्रीगंजातल्या जुन्या घरांच्या जोत्याला आहे. हा दगड कुजला की त्याचा मुरूम होतो, मुरूम आणखी कुजला की काळी माती. मालव्याचं सगळं वैभव या कुजलेल्या दगडावर उभं आहे.

आता या काळ्या मातीचा आणि सायकलीचा संबंध.

माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, गेल्या वर्षी पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि माधव नगरात मामाच्या घराच्या पुढच्या खोलीत सायकली भाड्याने द्यायचं दुकान काढलं. साध्या सायकली नाहीत, डोंगरात चालवायच्या. आठ. बँकेचं कर्ज काढून. मामा निवृत्त शिक्षक, हिशेबाला कडक. घरात पेपरवाल्याचं बिलसुद्धा वहीत लिहिलं जातं. सायकली आल्या त्या दिवशी मामा त्यांच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "मडगार्ड नाही, स्टँड नाही, करिअर नाही, घंटी नाही. मग एवढे पैसे कशाचे दिले रे?"

दादाने त्याला पुढचा शॉकअप दाबून दाखवला, डिस्क ब्रेक दाखवले, मागचं जेवणाच्या ताटाएवढं मोठं गिअरचं चक्र दाखवलं, ज्यावर चेन नेली की उभा चढही बसल्या बसल्या चढता येतो. टायर जाड, त्यावर गोट्या, आणि त्यात हवा मुद्दाम कमी भरायची म्हणजे टायर दगडाला धरतं. मामाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पण मडगार्ड का नाही?"

यावर दादाचं उत्तर मला फार आवडलं. तो म्हणाला, "बाबा, खेड्यातून दूध घेऊन येणाऱ्या एकाच्या तरी सायकलला मडगार्ड बघितलंय का पावसाळ्यात?" खरंच नसतं. जुलैमध्ये मालव्यातल्या कच्च्या वाटेवर सायकल घातली की पन्नास पावलांत काळी माती टायरला लपेटते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीने उकरत बसा. म्हणून दूधवाले मडगार्ड काढून टाकतात. कॅलिफोर्नियातल्या पोरांनीही तेच केलं होतं. सत्तरच्या दशकात तिथल्या मरीन काउंटीतल्या काही मुलांनी जुन्या, जाड टायरच्या, भंगारात निघालेल्या सायकली घेतल्या, त्यांच्यावरचं होतं नव्हतं ते सगळं उतरवलं आणि डोंगरावरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली, तिचं नाव रिपॅक. नाव पडायचं कारण असं की त्या सायकलींना मागे पेडल मारून लागणारा ब्रेक होता. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं, आणि दर फेरीनंतर चाकाचा हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही नावं त्याच टोळक्यातली. पुढे त्यांच्याच नावाने सायकली निघाल्या. दादा हे सगळं देवाच्या गोष्टीसारखं सांगतो. मामा म्हणतो, "भंगारातल्या सायकलींवर सुरू झालं ना? मग तू पण भंगारातल्याच घ्यायच्या."

मामाने एक मुदत घातली होती. संक्रांतीपर्यंत कर्जाचा हप्ता दुकानातून निघायला लागला पाहिजे, नाहीतर सायकली विकायच्या आणि पुन्हा पीथमपूर. दादाने ती मान्य केली होती. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे, तोवर दुकान उभं राहिलं तर पुढे चिंता नाही, असा त्याचा हिशेब. पण तोवर उभं राहायचं कसं? उज्जैनमध्ये सायकल भाड्याने घेऊन कोण जातं कुठे? मुलं घेतात, रामघाटापर्यंत जातात, फोटो काढतात, अर्ध्या तासात परत. खरी गिऱ्हाइकं इंदूरला, आणि खरा डोंगर रालामंडल.

रालामंडल बहुतेकांना माहीत नसणार. इंदूरच्या बायपासला लागून असलेला हा डोंगर. मध्य प्रदेशातल्या सगळ्यात छोट्या अभयारण्यांपैकी एक, १९८९ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्र अडीच चौरस किलोमीटरच्या आतच. माथ्यावर होळकरांची शिकारीची कोठी आहे. ज्या डोंगरावर राजे शिकार करायचे तोच आता शिकारीपासून वाचवलेला डोंगर झाला, हे बरंच आहे म्हणायचं. साग, बांबू, चितळ, नीलगाय, मोर, आणि बिबट्याही. एका बाजूला ट्रकांची रांग आणि नव्या कॉलन्यांच्या पाट्या, दुसऱ्या बाजूला हे. मुंबईकरांना संजय गांधी उद्यानाची सवय आहे, त्यांना नवल वाटणार नाही. फक्त ते उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि हे त्यापुढे परसातल्या बागेएवढं.

मी दिवाळीला घरी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने सांगितलं की इंदूरच्या एका ग्रुपला आठही सायकली हव्या आहेत. एक रविवार नव्हे, सहा रविवार. त्यांना डाउनहिल करायचंय, व्हिडिओ काढायचेत. अट एकच, रालामंडलच्या मागच्या अंगाने जो उतार आहे तो पाहिजे. सहा रविवारचे पैसे म्हणजे दोन हप्ते आणि वर थोडे.

"तुझं हिंदी चांगलं आहे, मराठी चांगलं आहे, तू अर्ज लिहून दे," दादा मला म्हणाला. साहित्य मंडळात असण्याचा हा एक तोटा. घरात लग्नपत्रिका, श्रद्धांजली, वीज खात्याला तक्रार, सगळं आपल्याकडे येतं.

अर्ज लिहायचा तर जागा बघायला पाहिजे, म्हणून आम्ही निघालो. पहाटे एका ओळखीच्या टेम्पोत दोन सायकली आडव्या घातल्या, इंदूरच्या अलीकडे पोहे-जलेबी खाल्ली, आणि उन्हं वर यायच्या आत बायपास सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. सोयाबीन निघालं होतं, शेतांत नांगर फिरत होता, काही ठिकाणी हरभऱ्याला पहिलं पाणी चाललं होतं. माती सुकलेली, भेगाळलेली, म्हणून चाक पळत होतं. मी दोन वर्षं लोकलला लटकलेली मुलगी, पहिल्याच चढाला माझे पाय बोलायला लागले. पण गिअर खरंच चमत्कार आहे. चेन त्या मोठ्या चक्रावर नेली आणि गोगलगायीच्या वेगाने का होईना, न उतरता चढले. चाकाखाली मुरूम करकर वाजतो. त्या आवाजाची आठवण मला इथे होस्टेलवर येते. चर्चगेटच्या रस्त्यावर असा आवाज कुठे मिळत नाही.

डोंगराच्या मागे कुंपण आहे, आणि कुंपणाच्या पलीकडे गुराखी पूर्वी जायचे ती एक वाट दिसते, सरळ माथ्याकडे चढणारी. दादाने ती फोनच्या नकाशात आधीच आखून ठेवली होती. आम्ही तिथे उभे असताना एक वनरक्षक आला. पन्नाशीचा माणूस, हातात काठी, पायात रबरी बूट. आधी त्याला वाटलं आम्ही लाकूड न्यायला आलोय, मग सायकली बघून हसला. दादाने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अर्ज द्यायचाय, फी भरू, कचरा करणार नाही, हॉर्न नाही, धूर नाही.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग काठीने त्या वाटेकडे दाखवत हिंदीत म्हणाला, "दिन में ये आपको रास्ता दिखता है. रात को ये उसका रास्ता है." उसका म्हणजे कुणाचं ते त्याने सांगितलं नाही. पुढे म्हणाला की समोरच्या दारातून या, तिकीट काढा, जितकं फिरायला उघडं आहे तितकं फिरा. पण ही बाजू त्याला राहू द्या. चारी बाजूंनी तुम्हीच आहात, ही एकच उरली आहे. तो इथून उठला तर जाणार कुठे? कॉलनीत. मग तुम्हीच फोन करणार, पकडा म्हणून.

दादा म्हणाला, "और वो?" आणि समोर बोट दाखवलं. समोर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, दुसरी टेकडी होती, किंवा टेकडीचा उरलेला अर्धा भाग. मुरूम काढून काढून ती कापलेल्या कलिंगडासारखी उघडी पडली होती. काळ्या थरावर काळा थर, मध्ये लाल मातीचा एक पट्टा, आणि खाली उभा डंपर. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ. एक लाव्हा थिजल्यावर त्यावर वारा-पाऊस लागून माती झाली, आणि मग दुसऱ्या लाव्ह्याने ती भाजून काढली. भूगोलाच्या पुस्तकात याचं सुंदर रंगीत चित्र असतं. इथे ते डंपरमध्ये भरून चाललं होतं.

वनरक्षक म्हणाला, "वो मेरी लाइन के बाहर है." आणि काही वेळाने, "आप भी बाहर चलाओ ना."

परतताना दादा एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मात्र फुटला. "आठ सायकली डोंगराचं काय वाईट करणार गं? अख्खी टेकडी नेली ती चालते, आणि टायर चालत नाही?" मला त्याचं म्हणणं पटत होतं. आजही अर्धं पटतं. सायकलला आपण इतकी निरागस समजतो की ती अडवली की अन्याय वाटतो.

मग मी अर्जासाठी म्हणून वाचायला बसले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणी वाटेल तसं शिरू शकत नाही, आणि कलम २८ प्रमाणे ज्या कारणांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतो त्यात अभ्यास आहे, फोटो काढणं आहे आणि पर्यटनही आहे. म्हणजे अर्ज करायला जागा होती. गंमत म्हणजे हाच वाद अमेरिकेत चाळीस वर्षं चालू आहे. तिथला अरण्यांचा कायदा १९६४ चा. त्यात लिहिलं की अशा राखीव अरण्यात यांत्रिक वाहतूक नको. तेव्हा डोंगरी सायकल जन्मालाच आली नव्हती. पुढे सायकल आली, आणि १९८४ मध्ये तिथल्या वन खात्याने नियमच केला की यांत्रिक म्हणजे सायकलही. सायकलवाले अजून भांडतात, आम्ही पायाने चालवतो, इंजिन कुठे आहे? पण तिथेच वेगळी उदाहरणंही आहेत. माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी १८ मे १९८० ला फुटला, ५७ माणसं गेली. १९८२ मध्ये तो सगळा भाग राखीव स्मारक म्हणून जाहीर झाला, आणि त्याच्या अंगावरच्या काही ठरावीक वाटा आज सायकलींना मोकळ्या आहेत. एप कॅनियनची वाट त्यातली. म्हणजे ज्वालामुखीवर सायकल चालवणं हा काही गुन्हा नाही. वाट कुठली आणि तिथे आधीपासून कोण राहतं, यावर सगळं आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटली, कारण ती डोळ्यांनी बघता येते. डोंगरात वाटा आखणाऱ्या लोकांचा एक साधा हिशेब आहे. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी शेकडा दहाच्या आत असला तर उत्तम. वाट डोंगराच्या पोटाने तिरकी न्यायची, सरळ खाली सोडायची नाही. का, तर सरळ वाटेत पाणी शिरतं. डाउनहिल करणारा वळणावर ब्रेक दाबतो, मागचं चाक घसरतं, मुरमावरचं वीतभर मातीचं कातडं सोललं जातं, आणि तिथे एक बोटभर खोल चर पडतो. तो चर पहिल्या पावसाला नाला समजतो. दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. सह्याद्रीतल्या गडांवर ज्यांनी गर्दीच्या वाटा बघितल्यात त्यांना हे मी कशाला सांगू? तिथे तर नुसते बूट होते.

आणि मालव्यात डोंगराचं कातडं जाणं म्हणजे काय, हे उज्जैनच्या माणसाने तरी विचारू नये. आमची क्षिप्रा अशाच एका टेकडीतून निघते, काकरी बर्डी, इंदूरच्या आग्नेयेला उज्जेनी गावाजवळ. बसाल्टचा दगड पाणी धरतो तो भेगांमध्ये आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र भागात. पण पाणी आत मुरायला वर माती आणि झाड लागतं. ते गेलं आणि उपसा वाढला की नदी पावसाळ्यापुरती उरते. २०१४ पासून उज्जेनीला नर्मदेचं पाणी पाइपने वर चढवून क्षिप्रेत सोडतात. आम्ही सिंहस्थात ज्या पाण्यात डुबकी मारतो त्यात नर्मदा किती आणि क्षिप्रा किती, हे क्षिप्रेलाच ठाऊक.

हे सगळं मी दादाला एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "तू अर्ज लिहितेयस की निबंध?"

दोन दिवस अर्ज तसाच पडून राहिला. तेवढ्यात भाऊबीज झाली. मामीने विषय काढू दिला नाही. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, चल, तुला कवडिया दाखवतो.

कवडिया पहाड देवास जिल्ह्यात, बागलीच्या पुढे जंगलात. देवासपर्यंत टेम्पो, पुढे बस, बसच्या टपावर सायकली दोरीने बांधलेल्या. शेवटचा टप्पा आम्ही चालवत गेलो. वाट सागाच्या जंगलातून, खाली पडलेली मोठमोठी पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. आणि मग झाडांतून ते दिसलं. दगडाचे लांब लांब खांब, कुणी पाच बाजूंचे, कुणी सहा, एकावर एक रचलेले, लाकडाच्या वखारीत ओंडके रचतात तसे. टेकडीच्या टेकडी. भीमाने रचून ठेवलेत, असं तिथली माणसं सांगतात, आणि बघितल्यावर दुसरं काही सुचतही नाही. खरं कारण असं, की जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि त्या तडा एकमेकींना अशा मिळतात की खांब तयार होतात. तळ्याचा चिखल सुकला की त्याला जसे बहुकोनी तुकडे पडतात, तसेच, फक्त खोल. मुंबईत हेच खांब अंधेरीला गिल्बर्ट हिलमध्ये उभे आहेत, साठेक मीटर उंच. आजूबाजूची टेकडी खाणींनी खाल्ली, तेवढा सुळका उरला. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा म्हणून नोंदवलं, आज तो इमारतींच्या मध्ये कोंडलेला आहे. परीक्षेनंतर आपण जाऊ बघायला. मंडळाची सहल म्हणून, माझा आग्रह आहे.

कवडियाचे दगड छोट्या दगडाने ठोकले की धातूसारखे वाजतात. दादाने तीन-चार वेगवेगळे वाजवून बघितले. एकाचा आवाज देवळातल्या घंटेसारखा, एकाचा स्टीलच्या ताटासारखा. तिथे एक गुराखी म्हातारा बसला होता, तो म्हणाला हळू वाजवा. का, ते नाही सांगितलं. मालव्यात दगडाशी माणसं अशीच वागतात. धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यात एका गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताची आणि गुरांची राखण करतात म्हणून. मग शास्त्रज्ञांनी बघितलं तर ती डायनोसॉरची अंडी. त्याच जिल्ह्यात ९२ घरट्यांमध्ये मिळून २५६ अंडी सापडल्याचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. नारळ फोडून फोडून माणसांनी ती सांभाळली. नुसते दगड समजले असते तर कधीच बांधाला लागली असती.

मी जे बघितलं ते असं. दादाने सायकल खालीच एका सागाला टेकवली होती. त्याला ते खांबांचे ढीग चाकाने उतरता आले असते. तो तसा पटाईत आहे, आणि तिथे अडवायला कुंपण नव्हतं, काठीवाला नव्हता, कलम २७ नव्हतं. वर काही दगडांवर रंगाने नावं लिहिलेली होती, बदामासकट. तो ती वाचत वर चढला, पायांनी, मध्ये मध्ये हात टेकत, बूट काढून हातात घेऊन. मी म्हटलं, "चालवत नाहीस?" तो म्हणाला, "इथे कशाला?" विषय संपला.

त्या रात्री मी अर्ज लिहिला, पण वेगळा. वन खात्याला नाही, रालामंडलच्या बाहेरच्या दोन पंचायतींना आणि काही शेतकऱ्यांना. कुंपणाच्या बाहेरून, शेतांच्या बांधाबांधाने, जुन्या गाडवाटांनी डोंगराला वळसा घालणारा रस्ता. उतार थोडे, दम जास्त. रविवारी सकाळीच, पेरणी-काढणीचे दिवस सोडून, जुलै-ऑगस्ट बंद. काळी माती तशीही जाऊ देत नाही. शेतकऱ्यांना डोईमागे पैसे. नाश्ता त्यांच्याच घरचा. हे शेवटचं कलम मामीचं.

दादाने इंदूरच्या ग्रुपला फोन करून मागचा उतार मिळणार नाही म्हणून सांगितलं. मी शेजारीच होते. पलीकडून काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण दादा बराच वेळ "जी, जी" करत होता. सहा रविवारांचे दोन झाले. आठ सायकलींच्या पाच. उरलेल्यांना दुसरीकडे कुणीतरी उतार दाखवला, असं नंतर कळलं. कुठे ते आम्ही विचारलं नाही.

पहिल्या रविवारी मीही गेले. तो मला नीट आठवतो तो एवढ्यासाठी, की एका बांधावर सगळ्यांना उतरून सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या, कारण हरभऱ्याला पाणी सोडलेलं होतं. एकाच्याही व्हिडिओत काही खास आलं नाही. एका माणसाने मात्र, चाळिशीचा असेल, ढेरी सुटलेला, शेवटच्या चढावर उतरून ढकलत आला, आणि वर येऊन कुंपणापलीकडच्या झाडीकडे बराच वेळ बघत उभा राहिला. "इंदूर में रहते बीस साल हो गए, इस तरफ से कभी देखा नहीं," म्हणाला. पुढच्या रविवारी तो बायको-मुलीला घेऊन आला. तीन सायकली.

संक्रांतीला मी मुंबईत होते. हप्त्याचं काय झालं ते दादाने फोनवर सांगितलं नाही, मामीने सांगितलं. डिसेंबरचा दुकानातून निघाला, जानेवारीचा निम्माच. उरलेला निम्मा मामाने पेन्शनमधून भरला आणि वहीत "सायकल, उसने" असं लिहून ठेवलं. पीथमपूरचं नाव काढलं नाही. मुदत वाढवली असंही म्हणाला नाही.

एक गोष्ट मात्र दादानेच सांगितली, हसत हसत. मामा रोज सकाळी त्या आठांपैकी सगळ्यात छोटी सायकल घेऊन टॉवर चौकापर्यंत भाजी आणायला जायला लागला आहे. "तुझ्याकडे बसून गंजतायत, चालू राहिलेल्या बऱ्या," असं त्याचं म्हणणं. तिला त्याने पुढे घंटी लावली आहे, मागे करिअर. मडगार्डही विचारायला गेला होता, पण त्या टायरला बसेल एवढं रुंद मडगार्ड फ्रीगंजात मिळालं नाही.